तीनशेचा प्लॅन, शंभरचं पोर्ट: राउटरवर पैसे कधी आणि किती घालावेत

आधी एक हिशेब मांडू. जिओफायबरने सप्टेंबर 2020 मध्ये जे दरपत्रक आणलं, त्यात 100 एमबीपीएसचा प्लॅन महिना 699 रुपयांचा होता आणि 300 एमबीपीएसचा 1,499 रुपयांचा. फरक 800 रुपयांचा. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की महिन्याला 944 आणि वर्षाला 11,328 रुपये होतात. इतर कंपन्यांचे आकडे थोडे मागेपुढे असतील, पण शंभरवरून तीनशेवर जाणारं घर वर्षाला दहा हजारांच्या आसपास जास्त मोजतं, असं धरून चालायला हरकत नाही. आता समजा, या घराने बाजारातून स्वतःचा राउटर आणला आहे आणि त्याच्या पोर्टचा वेग खोक्यावर '10/100' असा छापलेला आहे. त्या पोर्टमधून सेकंदाला 100 मेगाबिटच्या वर काहीही जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात मोजलं तर 94-95 मिळतात. वर्षाचे अकरा हजार रुपये भरून त्या घराला मिळतो तो जुनाच वेग. राउटर घेतानाच गिगाबिट पोर्टचा घेतला असता, तर पाच-सातशे रुपये जास्त लागले असते, इतकंच.

ही चूक ग्राहकाची आहे असं मला वाटत नाही. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या वाढत्या वेगाशी जुळवून घेतात, पण सगळ्या बाजूंनी एकदम नाही. खोक्यावरचा आकडा आधी वाढतो. पोर्ट, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरचे अपडेट मागून येतात, आणि स्वस्त मालात तर कधीकधी येतच नाहीत. हा मधला फरक गिऱ्हाइकाच्या खिशातून भरला जातो. म्हणून राउटर बदलायचा की नाही हे ठरवण्याआधी आपल्या घरात वेग नेमका कुठे अडतो ते शोधलं पाहिजे. त्याला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

'एसी1200' हा आपल्याकडे भरपूर विकला जाणारा वर्ग. हे बाराशे येतात कुठून? 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर 300 एमबीपीएस आणि 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर 867 एमबीपीएस यांची बेरीज करून ती वरच्या शंभराला नेलेली असते. तुमचा फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज एका फोनला कधीच मिळणार नाही. शिवाय 867 हा कागदावरचा वेग. राउटर असलेल्या खोलीत बसूनही त्यातला साधारण निम्मा हाती लागतो, आणि मध्ये दोन भिंती आल्या की आणखी कमी.

याच वर्गातले दोन राउटर शेजारी ठेवून पाहा. टीपी-लिंकचा आर्चर सी50 आणि आर्चर सी6. दोघांवरही एसी1200 लिहिलेलं, दोघेही दोन पट्ट्यांचे, दोघांनाही चार अँटेना. पण सी50 ची पोर्ट 10/100 आणि सी6 ची गिगाबिट. शंभरपर्यंतच्या प्लॅनला सी50 ठीक आहे. त्याच्या वरच्या प्लॅनला तो पैसे बुडवणारा आहे. दुकानात 'किती अँटेनाचा' हे विचारण्यापेक्षा खोक्याच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. तिथे '10/100/1000' किंवा 'गिगाबिट' असं हवं, आणि ते इंटरनेटची वायर जिथे लागते त्या वॅन पोर्टसाठी हवं. काही खोक्यांवर लॅन पोर्टचा आकडा ठळक असतो आणि वॅनचा शोधावा लागतो.

नव्या पिढीतही हाच हिशेब. वायफाय 6 च्या राउटरवर 'एएक्स1500' असेल तर ते 300 अधिक 1201, 'एएक्स1800' असेल तर 574 अधिक 1201, 'एएक्स3000' असेल तर 574 अधिक 2402. शेवटचा मोठा आकडा 160 मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल धरून काढलेला असतो. तेवढी रुंदी तुमच्या फोनलाही पेलता आली पाहिजे. अनेक फोन 80 वरच थांबतात, मग त्या फोनला एएक्स3000 आणि एएक्स1800 यांत फारसा फरक जाणवत नाही.

फुकटातली तपासणी

लॅपटॉप वायरने थेट राउटरला जोडा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटसमोर 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे 1000 असेल तर ही वाट मोकळी आहे. 100 असेल तर राउटरचं पोर्ट, लॅपटॉपचं पोर्ट किंवा वायर यांपैकी काहीतरी अडतंय. मग तीच वायर फायबरच्या मोडेमला, म्हणजे कंपनी ज्याला ओएनटी म्हणते त्या डब्याला जोडून पाहा. लॅपटॉपला पोर्टच नसेल तर यूएसबीला लावायचा गिगाबिट ॲडॉप्टर हजार ते पंधराशेला मिळतो, पण एका तपासणीसाठी तो विकत घेऊ नका, कोणाचा तरी मागून आणा.

वायर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो. वायरच्या टोकाला जो पारदर्शक प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो, तो उजेडात धरा. आत आठ बारीक तारा दिसायला हव्यात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि या प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. गिगाबिटला या आठही तारा लागतात. शंभर एमबीपीएसला मात्र चारच पुरतात, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरच्या. त्यामुळे जुन्या सोसायट्यांत केबलवाल्याच्या माणसाने चारच तारा बसवून काम भागवलेलं सर्रास आढळतं. कधी एकाच वायरीतून दोन घरांना जोडण्या दिलेल्या असतात, चार तारा तुमच्या आणि चार शेजाऱ्यांच्या. अशा घरात पाच हजारांचा राउटर आणला तरी वेग 95 वरच अडकणार. इलाज काय? दोन नवे कनेक्टर, प्रत्येकी दहा-वीस रुपये, आणि ते बसवणाऱ्याची मजुरी दोन-तीनशे. वायरच खराब असेल तर कॅट 6 वायर मीटरला वीस ते तीस रुपयांनी मिळते. 'पूर्ण तांब्याची' असं विचारून घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण लांब अंतरावर ती दगा देते.

वायरने पूर्ण वेग मिळतो आणि वायफायवर मिळत नाही, असं दिसलं तर गाठ वायफायची आहे. वायरनेही मिळत नसेल आणि लिंक स्पीड 1000 असेल, तर तक्रार कंपनीकडे. तिथे राउटर बदलून काहीही होणार नाही.

एक गोष्ट मोजणीबद्दल. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठाने भागा. 300 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट. तेवढे दिसत असतील तर काहीही बिघडलेलं नाही.

काच तीच, दोन टोकांचे डबे वेगळे

घरापर्यंत येणाऱ्या फायबरबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट आहे. आपल्याकडच्या बहुतेक जोडण्या जीपॉन नावाच्या पद्धतीने चालतात. एक्स्चेंजमधून निघालेल्या एका धाग्यावर खाली येण्यासाठी सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर जाण्यासाठी सुमारे 1.25 गिगाबिट एवढा वाव असतो, आणि तो धागा वाटेत फोडून 32 किंवा 64 घरांना दिला जातो. सगळी 32 घरं एकाच क्षणी पूर्ण वेग मागू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याला 78 एमबीपीएस येतील. तसं सहसा घडत नाही, म्हणूनच तीनशेचे आणि हजाराचे प्लॅन विकता येतात. पण रात्री नऊ-दहाला तुमच्या इमारतीत वेग पडत असेल, तर कारण बहुधा इथे आहे, तुमच्या राउटरमध्ये नाही.

याच्या पुढची पद्धत एक्सजीएस-पॉन. तिचं आंतरराष्ट्रीय मानक 2016 मध्ये ठरलं आणि ती दोन्ही दिशांना 10 गिगाबिट देते. जीपॉनचा प्रकाश खाली येताना 1490 नॅनोमीटरचा असतो, एक्सजीएस-पॉनचा 1577 चा. तरंगलांबी वेगळी असल्यामुळे दोन्ही एकाच धाग्यातून एकाच वेळी जाऊ शकतात. म्हणजे उद्या कंपनीने नवी पद्धत आणली तर भिंत फोडून फायबर पुन्हा टाकावं लागत नाही. बदलतात ते एक्स्चेंजमधलं कार्ड आणि घरातला डबा.

हा डबा कोणाचा, हे मात्र कागदावर पाहून घ्या. बहुतेक कंपन्या तो वापरायला देतात आणि जोडणी बंद केल्यावर परत मागतात. परत केला नाही तर रक्कम वसूल करतात. छोटे स्थानिक पुरवठादार तो तुम्हाला विकतात, साधारण हजार ते दोन हजारांना, आणि पुरवठादार बदलला की बऱ्याचदा तो दुसरीकडे चालत नाही. त्यामुळे स्वतःच्या खिशातून महागडा ओएनटी घेण्याच्या फंदात पडू नका. प्लॅन वाढवताना कंपनीलाच विचारा: 'माझ्याकडचा ओएनटी या वेगाला चालतो का, आणि बदलून द्याल तर त्याचे पैसे किती?' वरच्या प्लॅनवर जाणाऱ्या गिऱ्हाइकाला डबा फुकट बदलून देणं कंपनीला परवडतं. विचारणाऱ्याला तो मिळतो.

लाइनमन घरी आला की त्याच्याकडचं पॉवर मीटर फायबरला लावून आकडा वाचायला सांगा. उणे 15 ते उणे 24 च्या दरम्यान असेल तर प्रकाश चांगला पोचतोय. उणे 27 च्या आसपास गेला तर जोडणी काठावर आहे. पावसाळ्यात ओएनटीवरचा तांबडा दिवा लुकलुकणार हे ठरलेलं. फायबर कुठे काटकोनात वळवली आहे का, दाराच्या फटीत चेमटली आहे का, ते तेव्हाच दाखवून द्या. जोड पुन्हा मारणं कंपनीचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

कोणत्या कंपन्या टिकतात, आणि त्याचा आपल्याला काय उपयोग

इंटरनेटची तार बदलली की उपकरणवाल्यांची उलथापालथ होते, हे याआधीही झालं आहे. फोनच्या तारेवर चालणाऱ्या मोडेमचा जमाना होता तेव्हा अमेरिकेच्या हेज कंपनीने घालून दिलेल्या आज्ञा जगभरचे मोडेम पाळत असत. ब्रॉडबँड आलं आणि 1999 मध्ये तीच कंपनी मोडीत निघाली. ॲपलने आपले एअरपोर्ट राउटर 2018 मध्ये बंद केले. लिंकसिस सिस्कोने 2003 मध्ये 50 कोटी डॉलरना घेतली, 2013 मध्ये बेल्किनला विकली, आणि बेल्किन पुढे फॉक्सकॉनच्या छत्राखाली गेली. नाव खोक्यावर तेच राहिलं, मालक बदलत गेले.

आता मोडेम-राउटरमधलं खरं यंत्र म्हणजे आतली चिप, आणि ती ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रिअलटेक अशा मोजक्या कंपन्यांकडून येते. त्यामुळे नव्या वेगाचा राउटर बाजारात आणणं कोणत्याही ब्रँडला फार अवघड राहिलेलं नाही, चिप आली की खोकं येतं. अवघड आहे ते विकलेल्या राउटरचं सॉफ्टवेअर पुढची पाच-सात वर्षं सांभाळणं. तिथे पैसा मिळत नाही, आणि म्हणून तिथेच हात आखडता घेतला जातो. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की अपडेट बंद झालेले काही जुने राउटर चोरांनी ताब्यात घेतले आहेत आणि त्यांच्या आडून गुन्हे होत आहेत. त्या यादीत लिंकसिसचे ई1200 आणि ई2500 होते, एके काळी घराघरांत असलेले. यंत्र चालू होतं, वायफाय येत होतं, पण आत येणारा दरवाजा उघडा पडला होता.

म्हणून राउटरची किंमत त्याला मिळणाऱ्या अपडेटच्या वर्षांनी भागून पाहावी, असा माझा आग्रह आहे. दोन हजारांचा राउटर दोन वर्षांत वाऱ्यावर सोडला, तर वर्षाला हजार पडले. साडेचार हजारांच्या राउटरला सहा वर्षं अपडेट मिळाले, तर साडेसातशे. घेण्याआधी त्या मॉडेलचं पान कंपनीच्या संकेतस्थळावर उघडा आणि सर्वांत अलीकडचा फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. वर्षभरात काहीच आलं नसेल तर तो सोडा. ब्रिटनने एप्रिल 2024 पासून असा कायदा लागू केला आहे की घरगुती स्मार्ट उपकरण विकताना अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाने सांगितलंच पाहिजे. कंपनीच्या ब्रिटनच्या संकेतस्थळावर ती तारीख मिळते, आणि मॉडेल तेच असेल तर आपल्यालाही तिच्यावरून अंदाज बांधता येतो.

दुरुस्तीच्या दृष्टीने देशात बस्तान असलेली कंपनी बरी. डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत कार्यालय गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आहे. डिजिसोल ब्रँडमागची स्मार्टलिंकही वेर्ण्याचीच. काचेचा धागा तर आपल्या छत्रपती संभाजीनगरात स्टरलाइट टेक्नॉलॉजीज बनवते. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये दूरसंचार आणि नेटवर्किंग उपकरणांच्या देशी उत्पादनासाठी 12,195 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, तीही याच क्षेत्रासाठी. चिप मात्र अजून बाहेरूनच येते. खरेदीपुरतं पाहायचं ते एवढंच: तीन वर्षांची वॉरंटी, जिल्ह्याच्या गावी किंवा कुरियरने चालणारी बदली, आणि पक्कं बिल. परदेशातून बॅगेत आणलेल्या राउटरला यातलं काही लागू होत नाही.

आपल्या घराला काय लागेल

पुढच्या किमती साधारण आहेत. सेलच्या दिवसांत त्या शे-पाचशेने हलतात.

वन बीएचके किंवा दोन खोल्या, 100 एमबीपीएसपर्यंतचा प्लॅन: खर्च शून्य. कंपनीने दिलेला डबा 5 गिगाहर्ट्झचा असेल तर तोच ठेवा. तो फक्त 2.4 चा असेल आणि इमारतीत घरोघरी वायफाय असेल, तर गर्दीमुळे वेग मरतो. 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, 1, 6 आणि 11, आणि मुंबईतल्या एका मजल्यावर दहा-बारा राउटर सहज असतात. तेव्हा दोन पट्ट्यांचा, गिगाबिट पोर्टचा वायफाय 5 राउटर 2,200 ते 2,800 पर्यंत घ्यावा. बाराशे रुपयांचा एका पट्ट्याचा राउटर अजून विकला जातो. तो आता कोणीच घेऊ नये.

दोन-तीन बेडरूमचं घर, 200 ते 300 चा प्लॅन: एएक्स1500 किंवा एएक्स1800, साडेतीन ते पाच हजार. घरात पंधरा-वीस उपकरणं वायफायवर असतील, कॅमेरे, टीव्ही, मुलांचे टॅब, तर वायफाय 6 चा फायदा खरा आहे. ते अनेकांना एकाच वेळी सांभाळतं. पण राउटर विकत घेण्याआधी असलेला हलवून पाहा. आपल्याकडे फायबर मुख्य दारातून येते आणि डबा चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या लाकडी युनिटच्या आत जातो, घराच्या एका टोकाला. दहा मीटर वायर, दोन-तीनशे रुपये, आणि राउटर पॅसेजमध्ये उंचावर. कितीतरी घरांचं काम एवढ्यावर भागतं.

कोकण, गोव्यातलं चिऱ्याचं घर किंवा दुमजली बंगला: इथे वेगळा विचार करायला हवा. जांभ्याची जाड भिंत 5 गिगाहर्ट्झची लहर जवळजवळ गिळूनच टाकते. दुसऱ्या भिंतीपलीकडे तर काही उरत नाही. अशा घरात एकच 'लांब पल्ल्याचा' राउटर कितीही महाग घेतला तरी पैसे फुकट जातात, कारण राउटरचा आवाज मोठा केला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो आणि बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. मेशचा, म्हणजे मिळून एकच वायफाय चालवणाऱ्या दोन डब्यांचा, जोड वायफाय 5 मध्ये पाच ते आठ हजारांना, वायफाय 6 मध्ये दहा ते पंधरा हजारांना मिळतो. पण मेशचे डबे आपसात वायफायनेच बोलत असतील, तर दुसऱ्या डब्यापाशी वेग निम्म्यावर येतो, आणि मधल्या भिंतीने तोही अडतो. दोघांना कॅट 6 वायरने जोडा. रंगकाम किंवा वायरिंग चालू असेल तेव्हाच पाइप टाकून ठेवलात तर चार-पाच हजारांत सगळ्या खोल्या होतात. नंतर भिंत फोडायची तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. घराचं बांधकाम काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: विजेच्या पाइपशेजारी एक रिकामा पाइप प्रत्येक खोलीत न्याच. पुढच्या वीस वर्षांत वायफायची कोणतीही पिढी आली तरी तो उपयोगी पडेल.

500 ते 1,000 एमबीपीएस: बहुतेक घरांना याची गरज नाही. फोर के चित्रपटाला 15 ते 25 एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला तीन-चार. दोन टीव्ही आणि दोन कॉल एकाच वेळी चालू धरले तरी साठच्या आत. चौघांच्या घराला शंभर पुरतात आणि दोनशेत ते आरामात राहतं. मोठ्या फाइली रोज पाठवणारे, व्हिडिओ संकलन करणारे किंवा घरातूनच स्टुडिओ चालवणारे यांनीच पुढे जावं, आणि त्यांनी डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा विचारावा. 'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक प्लॅनवर महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग रांगायला लागतो. तीनशेचा प्लॅन पूर्ण वेगाने सलग एक दिवस चालवला तरी ही मर्यादा जवळजवळ संपते. वेग वाढतो तशी ती वाढतेच असं नाही, म्हणून वरचा प्लॅन घेताना हा आकडाही पाहा.

वायफाय 7 आत्ता घ्यावं का

वायफाय 7 ची अधिकृत प्रमाणपत्रं जानेवारी 2024 पासून मिळू लागली आणि राउटरही दुकानात आले. 'बीई3600' हा त्यातला सर्वांत स्वस्त वर्ग, साधारण आठ ते बारा हजारांचा. त्याचे 3600 म्हणजे 688 अधिक 2882, दोन्ही जुन्याच पट्ट्यांवर. 6 गिगाहर्ट्झचा पट्टा त्यात नाही. वायफाय 7 ची ख्याती ज्या 320 मेगाहर्ट्झच्या रुंद चॅनलमुळे झाली, तो फक्त 6 गिगाहर्ट्झमध्येच बसतो. म्हणजे नाव नव्या पिढीचं आणि तिचा मुख्य गुण वगळलेला. आपल्याकडे 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 मध्ये परवान्यातून मोठ्या प्रमाणावर मोकळा झाला. 6 गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी दूरसंचार विभागाने नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये काढला. तीन पट्ट्यांच्या राउटरवर वीस-पंचवीस हजार घालण्याआधी तो राउटर भारतात 6 गिगाहर्ट्झ चालू करतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

तीनशेच्या आतल्या प्लॅनला वायफाय 7 वर एक रुपयाही जास्त घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे वायरिंगवर किंवा दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे दुसऱ्या खोलीत वायफाय देणाऱ्या डब्यावर, जास्त काम करतात. गिगाबिटच्या वरचा प्लॅन घेणाऱ्याने मात्र राउटर आणि ओएनटी दोन्हीकडे 2.5 गिगाबिटचं पोर्ट आहे का ते पाहावं. एकीकडे असून उपयोग नाही.

बिलात न दिसणारे खर्च

वीज जाते तिथे राउटरसाठीचा छोटा यूपीएस 1,200 ते 2,000 ला मिळतो आणि दोन-तीन तास काढतो. घेताना राउटर आणि ओएनटी दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुतेक 12 व्होल्टचे असतात, पण काही 9 चे. चुकीचा लावला तर डबा जळतो आणि वॉरंटीही जाते. फायबर पोचत नाही अशा ठिकाणी एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारं इंटरनेट, हा पर्याय आहे. जिओची ही सेवा सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झाली. तिथे छतावरच्या यंत्राची बसवणूक हजार रुपयांची होती आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर ती माफ. पण वर्षाचे पैसे आधी भरायचे तर महिनाभर वापरून मगच भरा, कारण टॉवरची दिशा आणि शेजारची इमारत यांवर सगळं अवलंबून आहे. जुना राउटर टाकून देऊ नका. त्याचे अपडेट अजून येत असतील, तर सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडून तो दुसऱ्या खोलीत वायरने लावता येतो. अपडेट थांबले असतील तर पासवर्ड पुसून, रीसेट करून ई-कचऱ्यात द्या.

वायरने मोजलेला वेग सतत कमी येत असेल तर वेळ लिहून, स्क्रीनचं चित्र ठेवून कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात तो मिटवला: चालतात. सेवेपोटी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही.